गोदामाचे यश कशावर मोजायचे?

धान्यसाठवणुकीची चर्चा आपल्याकडे क्षमतेच्या आकड्यांवर सुरू होते आणि तेथेच संपते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हाताळणीचा प्रश्न. पंजाबातील गहू मंडीत पोत्यांत भरला जातो. तेथून ट्रक, गोदाम, रेल्वेची वाघीण, पुन्हा गोदाम असा प्रवास करीत तो दूरच्या रेशन दुकानात पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर ५० किलोचे पोते कुणाच्या तरी पाठीवर चढते, थोडे धान्य सांडते आणि वेळही जातो.

पोलादी सायलोमध्ये धान्य सुटे साठवले जाते. तापमान आणि ओलावा यांवर लक्ष ठेवता येते, जागा कमी लागते. मोगा येथील २ लाख टन क्षमतेच्या सायलोतून गहू विशेष वाघिणींद्वारे थेट दक्षिणेकडे जातो. उघड्या चौथऱ्यावर ताडपत्रीखाली ३ महिन्यांहून अधिक काळ धान्य ठेवू नये, अशी शिफारस शांताकुमार समितीने २०१५ मध्येच केली होती.

मे २०२३ मध्ये केंद्राने सहकारी संस्थांमार्फत ७०० लाख टन साठवण क्षमतेची योजना मंजूर केली. गावातच गोदाम झाल्यास वाहतुकीचे हेलपाटे आणि डिझेल दोन्ही वाचेल. मात्र यंत्रे येताना हमालांच्या रोजगाराची पर्यायी सोयही व्हायला हवी. गोदामात किती टन मावते यापेक्षा, धान्य ताटापर्यंत पोहोचताना किती कमी वेळा उचलावे लागते, हाच कार्यक्षमतेचा खरा निकष होय.