वृद्धांचें स्वातंत्र्य आणि घरांतील मोरी

घरांतलें एकादें वडील माणूस पाय घसरून पडलें, कीं आपण काय करतों? प्रथम धांवाधांव, मग डॉक्टर आणि त्यानंतर हुकूम! 'आतां एकट्यानें बाहेर जायचें नाहीं, जिना उतरायचा नाहीं, स्वयंपाकघरांत उभें राहायचें नाहीं.' हे हुकूम मायेपोटींच निघतात, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा परिणाम काय होतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

माझ्या वडिलांचीच गोष्ट सांगतों. नाना ७८ वर्षांचे असतांना एकदां पहांटे मोरींत पडले. हाड मोडलें नाहीं. मुका मार बसला. पण मी घाबरलों आणि त्यांची रोज भाजी आणावयाची फेरी बंद केली. तीन महिन्यांत खुर्चीवरून उठतांनाही त्यांना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागूं लागला. एके दिवशीं ते शांतपणें म्हणाले, "अरे, मी पडलों मोरींत आणि तूं बंदी घातलीस ती रस्त्यावर!" यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मोरी तेव्हांही तशीच निसरडी होती.

नानांच्या या बोलण्यांत शरीरशास्त्राचें एक मोठें सत्य आहे. न वापरलेला स्नायु क्षीण होतो आणि उतारवयांत तो फार झपाट्यानें क्षीण होतो. पडण्याच्या भीतीनें चालणें कमी होतें, चालणें कमी झाल्यानें पायांतील बळ व तोल जातो, आणि तोल गेला कीं माणूस पुन्हां पडतें. अशा पडण्यांत खुब्याचें हाड मोडलें, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतर अनेकांना पूर्वीसारखें चालतां येत नाहीं. म्हणून बंदी घालावयाचीच, तर ती घरांतील धोक्यांवर घालावी.

आरंभ मोरीपासून करावा. तेथील फरशी घांसून कोरडी ठेवावी. हाताशीं येईल अशी भक्कम दांडी भिंतींत पक्की बसवावी; नळाचा किंवा टॉवेलच्या दांडीचा आधार ऐन वेळीं दगा देतो. स्नानासाठीं न हलणारें स्टूल असावें. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा तेवत ठेवावा आणि त्या वाटेवरील पायपुसणीं व विजेच्या तारा दूर कराव्या. उंबरठ्यावर व पायरीच्या कडेवर ठळक रंगाचा पट्टा ओढावा, कारण वृद्ध डोळ्यांना एकाच रंगांतील कड दिसत नाहीं. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर ठेवावे, म्हणजे आईला स्टुलावर चढावें लागणार नाहीं.

घराप्रमाणेंच शरीराकडेही लक्ष द्यावें. निजल्याजागेवरून एकदम उठलें असतां कित्येकांचा रक्तदाब क्षणभर उतरतो व घेरी येते. यास्तव खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावें, मगच उभें राहावें. झोपेचीं व रक्तदाबाचीं औषधें कधीं कधीं तोल घालवितात. तीं आपण होऊन बंद करूं नयेत. सर्व औषधें एका पिशवींत घालून डॉक्टरांना दाखवावीं. मोतीबिंदूची तपासणी लांबणीवर टाकूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ६५ वर्षांवरील माणसांना आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सांगितला आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें खुर्चीवरून सावकाश उठणें-बसणें, किंवा ओट्याला धरून एका पायावर क्षणभर उभें राहणें, एवढ्यानेंही आरंभ करतां येतो.

मुलें परगांवीं असल्यास शेजाऱ्याकडे एक किल्ली आणि दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहिलेले क्रमांक असावे. वृद्धांसाठीं केंद्र सरकारची १४५६७ या क्रमांकाची मोफत दूरध्वनिसेवा आहे, तो क्रमांकही त्यांत असूं द्यावा.

मात्र हें सर्व त्यांना विचारून करावें. आमच्या मोरींत दांडी बसवितांना मीं भिंतीवर खूण केली होती. नानांनीं तेथें उभें राहून हात टेकून दाखविला, तों त्यांची जागा माझ्या खुणेहून वीतभर खालीं निघाली! न विचारतां बसविली असती, तर ती दांडी केवळ माझ्या समाधानापुरती राहिली असती. पुढें हळूहळू व्यायाम सुरू झाला आणि चार महिन्यांनीं नाना हातांत काठी घेऊन पुन्हां मंडईंत गेले. येतांना मेथीची जुडी घेऊन आले आणि भाव फार चढल्याची तक्रारही घेऊन आले. ती तक्रार ऐकून घरांत सर्वांना किती आनंद झाला म्हणून सांगूं!

श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या आईवडिलांच्या खाटेपासून मोरीपर्यंतची वाट दिवा न लावतां, जपून, एकदां स्वतः चालून पाहा. काय करावयाचें, तें ती वाटच सांगेल.