दिवाळीनंतर पोरं कुणाच्या भरवशावर?

दिवाळी उरकली की बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर भागातल्या गावांमधून कोयते निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते, ती फिटल्याशिवाय सुटका नाही. ट्रॅक्टर गावाबाहेर पडला की मागे उरतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. बाकीची पोरं आईबापाबरोबर फडावर. हाल मात्र दोन्हीकडे.

मुलांचे हाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू पिऊन मारणारा बाप येतो. तसे बाप आहेत, नाहीत असं नाही. पण फडावर जाऊन बघा. पहाटेच नवराबायको उसात शिरतात. तान्हं लेकरू बांधावर झोळीत. सांभाळायला कोण, तर आठ-नऊ वर्षांची बहीण. पाणी तीच आणते, भाकरीही तीच थापते. रात्री गाडी भरायची असली की पोरं पुन्हा कोपीत एकटी. त्यात बाप दमून, घोटभर घेऊन आला तर राग निघतो तो तिच्यावरच. आता या बापाला नुसतं राक्षस म्हणून भागेल का? अंगावरचं कर्ज, दारू आणि शेजार नसलेली जागा, तिन्ही एकत्र आली की लेकराला धोका असतोच.

गावात राहिलेल्या मुलीचं वेगळंच. आजीची नजर अधू, घरात येणाराजाणारा ओळखीचा. त्यानं वाकडं पाऊल टाकलं तर ती सांगणार कुणाला? याच धास्तीनं आईबाप तिचं लग्न उरकतात. शिवाय हिशेबही आहेच. कोयता म्हणजे जोडी, आणि उचल मिळते जोडीला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्यात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. काळजीपोटी लावलेलं लग्न पोरीला पुन्हा त्याच फडावर नेऊन सोडतं, हे आपण पाहतोच.

आता सरपंच आणि ग्रामसेवक (हल्लीचे ग्रामपंचायत अधिकारी) यांच्यासाठी. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह रोखण्याची जबाबदारी खेड्यात ग्रामसेवकावर आहे. लग्न लावणारा, त्यात सामील होणारा, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण मांडव पडल्यावर धावण्यात काय हशील? ग्राम बाल संरक्षण समिती बऱ्याच गावांत कागदावरच आहे. ती गाड्या भरायच्या आधी बसवा. कोण पोर मागे राहणार, कुणाकडे, रात्री कुठं झोपणार, याची यादी घरोघर फिरून करा. अंगणवाडीताईंना यातलं निम्मं तोंडपाठ असतं, त्यांना विचारा. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत पाठवा. फडावर गेलेलं पोर मधेच परत आणणं अवघड.

आणि १०९८ हा फुकटचा नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, पोरांना वाचता येईल एवढ्या उंचीवर.