झाडांची सावली कुणाच्या वाट्याला?

बंगळुरूहून होसूर रस्त्याने निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे बोम्मसंद्रा लागते. कारखाने, ट्रकची वर्दळ आणि एकेका खोलीत राहणारी कामगार कुटुंबे ही इथली जुनी ओळख. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रो इथवर पोहोचली आणि शहर दाराशी आले. अशा ठिकाणी पाठोपाठ उंच इमारती येतात, बागा येतात, तळ्यांचे रूप पालटते.

झाडांचा फायदा मोजून पाहिलेला आहे. हरिणी नगेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात बंगळुरूच्या झाडे असलेल्या रस्त्यांवरची दुपारची हवा उघड्या रस्त्यांपेक्षा ५.६ अंश सेल्सियसपर्यंत थंड आढळली. रस्त्याचा पृष्ठभाग तर २७.५ अंशांपर्यंत! कारखान्यातून पायी परतणाऱ्या गरोदर बाईला ही सावली औषधाइतकीच मोलाची.

बोम्मसंद्र्याच्या सनसेरा कंपनीतले अभियंते आनंद मल्लिगावाड यांनी २०१७ मध्ये जवळचे क्यालसनहळ्ळीचे ३६ एकरांचे तळे कंपनीच्या मदतीने ४५ दिवसांत उपसून घेतले. निघालेल्या गाळातून पक्ष्यांसाठी बेटे केली, झाडे लावली. पावसाने तळे भरले.

मग अडचण कुठे?

परिसर देखणा झाला, की जागा महाग होते आणि आधी उठतो तो भाडेकरू. बंगळुरूच्या अनेक तळ्यांभोवती कुंपण पडले, चालायची वाट आखली गेली. गुरे चारणारे, मासे धरणारे, कपडे धुणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. रक्तदाब, मधुमेहावर रोजचे चालणे उत्तम, हे खरे. पण घर लांब गेले, तर तो वेळ बसमध्ये जातो, झोप कमी होते आणि मुलाला सांभाळणारी शेजारीणही दुरावते. डॉक्टरांच्या कागदावर यातले काही येत नाही.

वेळेचेही तसेच. शहरातली महापालिकेची उद्याने दुपारी बंद असत. रात्रपाळी करणाऱ्या बाईला फुरसत मिळते ती नेमकी तेव्हाच! २०२४ मध्ये ती पहाटे ५ ते रात्री १० उघडी ठेवण्याचे ठरले, हे बरे झाले.

झोपडवस्तीतल्या बायका मात्र बागेची वाट पाहत बसत नाहीत. रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस, दारात शेवगा. पाल्याची भाजी होते, उन्हाला आडोसाही होतो. खोली सोडावी लागली, तर डबा बरोबर नेता येतो. शेवगा तिथेच राहतो.

तुमच्या सोसायटीच्या सभेत बागेचा विषय निघाला, तर चार झाडे कुंपणाबाहेर, बसथांब्यापाशी लावायला सुचवून पाहा.