चेंडू कोणाचा, शिट्टी कोणाची?



मणिबेलीच्या शाळेपुढे मुले फुटबॉल खेळत आहेत, अशी कल्पना करा. दोन दगड मांडून गोल केला आहे, चपला कडेला काढून ठेवल्या आहेत. चेंडू मात्र एकाच मुलाचा. आता तोच मुलगा म्हणाला, "चेंडू माझा, म्हणून पंचही मीच, आणि हरलो तर चेंडू घेऊन घरी जाईन," तर तो खेळ किती वेळ चालेल? फार तर दहा मिनिटे. मग बाकीची पोरे कंटाळून नदीकडे निघून जातील.

उदाहरण पोरांचे आहे, पण मुद्दाम घेतले. धंदेवाईक फुटबॉलमध्ये, म्हणजे पगार घेऊन खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये, आपल्या देशात आणि परदेशात जो गोंधळ आपण पाहिला, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे. चेंडू कोणाचा, शिट्टी कोणाची, आणि दोन्ही एकाच्याच हाती असावीत का?

सातपुड्यात बसून आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण गुरुजी, तुमच्या शाळेतला संघ तालुक्याला खेळायला जातो तेव्हा तो एका लांब जिन्याची पहिली पायरी चढत असतो. सुब्रतो चषक ही शाळांची स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली, असा तिचा रस्ता. जिना खालपासून वरपर्यंत सलग असला तरच खालच्या मुलाने वर बघण्यात अर्थ आहे. मधल्या पायऱ्या कोणी काढून नेल्या, तर त्या मुलाने कितीही जोराने लाथ मारली तरी चेंडू अंगणातच राहणार.

आता या खेळाचा कारभार कसा चालतो ते बघू. सगळ्यांत वर फिफा ही जागतिक संस्था. १९०४ साली पॅरिसला स्थापन झाली. आज तिची कचेरी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला आहे आणि २११ देशांचे संघ तिचे सभासद आहेत. तिच्याखाली आपला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, १९३७ सालचा. त्याच्याखाली राज्यांच्या संघटना, आणि त्यांच्याखाली जिल्ह्यांच्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी जी उतरंड आपण जाणतो, तशीच ही. खालच्याने वरच्याला निवडायचे आणि वरच्याने खालच्याला हिशेब द्यायचा, अशी मूळ कल्पना. बिघाड कुठे होतो? निवडणूक लांबते, हिशेब कोणी मागत नाही, आणि जो प्रत्यक्ष खेळतो त्याला मतच नसते.

मुंबई या खेळाचे जुने घर. तिथे रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. कूपरेजच्या मैदानावर त्याचे सामने बघायला गर्दी लोटायची. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती स्पर्धा बंद पडली. मुंबईच्याच महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली हा संघ बंद झाला. पंजाबात फगवाड्याचा जेसीटी हा पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा संघ. तो २०११ मध्ये बंद झाला. हे संघ कंपन्यांनी चालवलेले. कंपनीने हात काढून घेतला की संघ संपला, कारण गावाचा किंवा प्रेक्षकांचा त्यात कागदोपत्री वाटा काहीच नव्हता.

याच सुमारास, २०१० साली, महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी रुपये. जाहिराती, प्रक्षेपण आणि नवी स्पर्धा काढण्याचे हक्क त्या कंपनीकडे गेले. त्यातून २०१४ साली आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. न्यायाने बोलायचे तर तिने भलेही केले. मैदाने सुधारली, दिवे लागले, घरोघर सामने दिसू लागले, खेळाडूंना पूर्वी कधी नव्हता असा पगार मिळाला. पैसा वाईट नसतो. प्रश्न हा, की त्या पैशाबरोबर जिन्याचे दारही कोणी विकत घेतले का?

कारण फुटबॉलचा जगभरचा जुना नियम असा आहे: वरच्या लीगमध्ये शेवटी राहणारा खाली उतरतो आणि खालच्या लीगमध्ये पहिला येणारा वर चढतो. त्यामुळे लहान गावच्या संघालाही आशा असते आणि मोठ्यालाही धाक असतो. सुपर लीगमध्ये मात्र सुरुवातीला हा चढउतार नव्हता. प्रवेश फी भरणाऱ्याला जागा, आणि ती जागा पक्की. ज्या जुन्या संघांकडे तेवढा पैसा नव्हता ते दाराबाहेर राहिले. गोव्यात याचा फटका बसला. साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे संघ २०१६ साली निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. पाठोपाठ पाच वेळा देश जिंकलेला देंपो निघाला. मुंबईचा मुंबई एफसी २०१७ नंतर उरला नाही. पुढे आशियाई संघटनेच्या आग्रहाने २०१९ मध्ये दार उघडायचे ठरले, आणि २०२३ साली पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर गेला. देंपोही खालून पायरी पायरी चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. दार उघडले की माणसे चढतातच. पण मधली वर्षे गेली, आणि खेळाडूचे वय काही कोणासाठी थांबत नाही.

आता कारभाराकडे या. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल महासंघाचे तीन वेळा अध्यक्ष झाले. त्यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण निवडणूक झाली नाही. घटनेचा वाद न्यायालयात आहे, असे कारण दिले गेले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार तिघांच्या समितीकडे सोपवला. त्यावर बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला असे म्हणत फिफाने १५ ऑगस्ट २०२२ रोजी, ऐन स्वातंत्र्यदिनी, भारताला निलंबित केले. ते निलंबन ११ दिवस टिकले. भांडण कारभाऱ्यांचे, मार कोणी खाल्ला बघा. गोकुलम केरळ या संघाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना मैदानात उतरताच आले नाही, तशाच परत यावे लागले. त्यांचा दोष काय होता? काहीही नाही.

लगेच २ सप्टेंबरला निवडणूक झाली. आधी ३६ नामवंत माजी खेळाडूंना मताचा अधिकार द्यायचे ठरले होते. फिफाच्या हरकतीनंतर तो काढला गेला, आणि मते राज्य संघटनांचीच राहिली. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया उभा होता. त्याला एक मत पडले. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांना ३३. कोण योग्य, कोण अयोग्य, हा आपला विषय नाही. पण खेळणाऱ्यांना मत असते तर आकडे काय दिसले असते, हा प्रश्न तुम्ही वर्गात जरूर विचारा.

पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपायचा होता. पुढे काय, हे वेळेवर ठरले नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा हंगामच थांबवला गेला. काही क्लबांनी पगार रोखले. नव्या हक्कांसाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. मुंबई सिटी संघात २०१९ साली ६५ टक्के वाटा घेणारा परदेशी गट डिसेंबरात बाहेर पडला. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून आखूड हंगाम खेळवण्याचे जानेवारीत जाहीर झाले. पेरणीची वेळ टळून गेल्यावर बी वाटावे, तशी ही गोष्ट.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. मे २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलात पहाटे पोलीस शिरले आणि त्यांनी फिफाच्या सात अधिकाऱ्यांना पकडले. प्रक्षेपणाचे आणि जाहिरातींचे हक्क देताना वर्षानुवर्षे लाच घेतल्याचा आरोप होता. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी, जवळजवळ बंद दाराची लीग जाहीर केली. प्रेक्षक रस्त्यावर आले आणि इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत माघारी फिरले. पुढे २०२५ साली इंग्लंडने कायदा करून क्लबांच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियमच आहे.

स्वतंत्र तपासणारा का लागतो, हे मणिबेलीला वेगळे सांगायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव ते. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने आपल्याच कामाची स्वतंत्र चौकशी मोर्स समितीकडून करवली. १९९२ च्या तिच्या अहवालाने चुका दाखवल्या, १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी तिने लोकांच्या तक्रारी ऐकणारे कायमचे तपासणी मंडळ नेमले. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांबद्दल जे जाहीरनामापत्र काढले, त्याला नावच मणिबेलीचे आहे. बुडालेली जमीन आणि हुकलेला सामना यांची तुलना होत नाही, हे मी जाणतो. पण शिकवण एकच: ज्याच्या आयुष्यावर निर्णय पडतो त्याला विचारले पाहिजे, आणि निर्णय घेणाऱ्याला तपासणारा कोणी वेगळा असला पाहिजे.

मग फुटबॉलमध्ये सुधारणा म्हणजे नेमके काय? एक, पदाला मुदत, आणि मुदत संपली की निवडणूक. दोन, पैशाचा हिशेब सर्वांना वाचता येईल असा. तीन, खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांना मत. चार, जिन्याच्या सगळ्या पायऱ्या उघड्या. पाच, तंट्याचा निवाडा वेळेवर आणि त्रयस्थाकडून. २०२५ ची आय-लीग एप्रिलमध्ये संपली. पण विजेता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स की वाराणसीचा इंटर काशी, हे जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा न्यायालयाने ठरवले. आपल्या घरचा निवाडा एवढ्या लांब जावा, हे बरे नव्हे.

यांतल्या काही गोष्टींना आता आधार मिळाला आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना मंजूर केली. तिच्यात माजी खेळाडूंना सभेत जागा आहे, पदाच्या वर्षांना मर्यादा आहे, चढउताराचा नियम आहे. पण घटना कागदावर असते. ती पाळून घेणारी माणसे लागतात.

आणि गुरुजी, ती माणसे तुमच्या वर्गात बसली आहेत. पुढच्या सामन्याआधी एवढेच करा: कर्णधार मुलांना निवडू द्या, मुलींचाही संघ काढा, पंच दुसऱ्या वर्गाचा नेमा, आणि चेंडूला किती पैसे जमले, किती खर्च झाले, ते फळ्यावर लिहा. हिशेब मागण्याची सवय लहानपणी लागली, तर पुढे ग्रामसभेतही ती कामी येते.

चेंडू कोणाचाही असो. शिट्टी मात्र सगळ्यांनी मिळून नेमलेल्या पंचाच्या हाती असू द्या. मग खेळ अंधार पडेपर्यंत चालेल.