धाव, वंगण आणि त्यांचे वारस : जुने टायर व जळके ऑइल यांच्या विल्हेवाटीविषयी

लाकडी बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवीत तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती तापवून लाल करी, चाकावर बसवी आणि वर पाणी ओतून आवळून घेई. झिजलेली धाव पुन्हा लोहाराकडेच जाई व तिची खुरपी, विळे होत. कण्याला लावावयाचे वंगण बहुधा एरंडेलाचे असे. ते गळाले तरी मातीत कुजून जाई. गाडीच्या या दोन्ही झिजणाऱ्या घटकांचा शेवट गावाच्या व्यवहारातच होत असल्यामुळे त्यांच्या विल्हेवाटीचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिलाच नाही.

रबरी चाके आणि ट्रॅक्टर आल्यावर ‘धाव’ या शब्दाचा अर्थविस्तार होणे अशक्य नव्हते. तसे झाले नाही. भाषेने ‘टायर’ हा शब्द स्वीकारला. ऊसतोडीच्या मुलखात तर रबरी चाकांच्या बैलगाडीसच ‘टायर’ म्हणतात. अंशाने अंशीचा निर्देश होण्याचे हे चांगले उदाहरण होय. तेलाच्या बाबतीतही असेच घडले. तिळापासून निघालेला ‘तेल’ हा शब्द घाणा, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्याशी इतका निगडित आहे की, जमिनीतून आलेल्या द्रव्यांना बोलीने प्रायः वेगळी नावे दिली : घासलेट, रॉकेल, ऑइल. (‘मातीचे तेल’ हा काही भागांतील अपवाद.)

भाषेने वेगळी म्हणून ओळखलेली ही द्रव्ये वापरात मात्र जुन्याच जागी बसविली गेली, आणि अडचण नेमकी तेथे आहे. ट्रॅक्टरमधून काढलेले ऑइल वाळवी लागू नये म्हणून खांबांना व दारांना फासतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, कोठे कोठे जनावरांच्या खरजेवरही लावतात. एरंडेल मातीत गेले तर बिघडत नसे. याचे तसे नाही. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे कण, पूरकद्रव्यांतील जस्त आणि अर्धवट ज्वलनातून उत्पन्न झालेली बहुवलयी हायड्रोकार्बने असतात. या शेवटच्या गटातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. गुराच्या कातडीवर लावलेले ऑइल ते गुरू चाटते, ही गोष्ट सहज विसरली जाते.

या द्रव्यास ‘जळके ऑइल’ म्हणतात. नाव चित्रमय आहे, पण दिशाभूल करणारे आहे. इंजिनात जळते ते डिझेल. वंगण मुख्यतः मळते. त्याचे मूळ तेल बव्हंशी शाबूत असते, म्हणूनच ते पुनःशुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरता येते. जे जळाले त्यात काही उरले नाही, असा ग्रह मात्र या विशेषणाने होतो. घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनी येथे अधिक काटेकोर भेद केला आहे : शिसे आदी घटकांच्या ठरविलेल्या मर्यादेत राहून पुनःप्रक्रियेस योग्य असलेले ते ‘वापरलेले तेल’, आणि सांडलेले कच्चे तेल, टाक्यांच्या तळाचा गाळ इत्यादी ते ‘टाकाऊ तेल’. मध्यम ट्रॅक्टरमधून एका वेळी साधारण सहा ते नऊ लिटर ऑइल निघते. त्यात डिझेल, पाणी किंवा रेडिएटरमधील द्रव मिसळला, तर ते पुनःशुद्धीस अवघड होऊन बसते.

महाराष्ट्राच्या भूरचनेमुळे या प्रश्नाला निराळे गांभीर्य येते. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. माळावर माती पातळ असते आणि भूजल झिजलेल्या मुरमात व खडकाच्या भेगांत साठते. जाड मातीच्या थरातून सावकाश गाळून जाण्याची सोय येथे पुष्कळदा नसते. गोठ्यामागे ओतलेले ऑइल भेगांच्या वाटेने त्याच शेतातील विहिरीकडे जाऊ शकते.

टायरची कथा उलट आहे. ऑइल पसरते म्हणून त्रास. टायर मुळीच हलत नाही म्हणून त्रास. चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये शोधलेल्या गंधकप्रक्रियेने रबराच्या साखळ्या एकमेकींस कायमच्या जोडल्या जातात. त्यामुळे रबर टिकाऊ होते आणि त्याच कारणाने ते लोखंडाप्रमाणे वितळवून पुन्हा ओतता येत नाही. बांधावर पडलेल्या टायरच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते व तेथे डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची वीण होते. या डासांची अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. टायर उन्हात वाळला म्हणजे निर्धोक झाला, असे नव्हे. 1985 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आढळलेली एडिस अल्बोपिक्टस ही आशियाई जाती जुन्या टायरांच्या आयातीबरोबर गेली, असे मानले जाते. शेकोटीत टायर जाळणे हा उपाय तर रोगाहून वाईट : धुरात बहुवलयी हायड्रोकार्बने व गंधकाचा वायू, राखेत जस्त. मुरघासाच्या खड्ड्यावर दाब म्हणून टायर ठेवणे त्या मानाने बरे. परंतु त्यास भोके पाडावीत आणि झिजून तारा उघड्या पडताच तो काढावा, कारण वैरणीतून पोटात गेलेली तार जनावराच्या हृदयापर्यंत पोहोचू शकते.

उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व टायरांना 2022 मध्ये लागू झाले. वापरलेल्या तेलाचे नियम 2023 मध्ये प्रसिद्ध होऊन 1 एप्रिल 2024 पासून अमलात आले. भार उत्पादकांवर आहे व हे योग्यच आहे. पण वाडीवरचे पाच-सहा लिटर या साखळीत येण्यास मधला दुवा लागतो, आणि तो प्रत्यक्षात तालुक्याचे गॅरेज, टायरचे दुकान किंवा भंगारवाला हाच असतो. शेतकऱ्याने करावयाचे ते थोडेच आहे : ऑइल झाकणाच्या स्वच्छ डब्यात वेगळे ठेवणे, ते अधिकृत पुनःशुद्धीकारकास माल देणाऱ्या गॅरेजकडेच सोपविणे, नवा टायर घेताना जुना दुकानात सोडून येणे आणि तोवर तो छपराखाली ठेवणे.

येथे पत्रके लिहिणाऱ्यांनी एका गोष्टीची दखल घेणे अगत्याचे आहे. नियमांच्या भाषांतरातील ‘वापरलेले तेल’ हे शब्द गावातील कानाला तळणीचे तेल वाटतात. खाद्यतेलाच्या पुनर्वापराची निराळी केंद्रीय योजना 2018 पासून असल्याने हा घोटाळा केवळ काल्पनिक नाही. संकलनाच्या डब्यावर ‘जळके ऑइल’ असेच लिहावे, मग त्या विशेषणास शास्त्राचा कितीही आक्षेप असो. आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘डिझेल-पाणी मिसळू नये’ एवढी सूचना असावी.