पृष्ठ-कॅश आणि स्मृतीचे पुनर्ग्रहण

संगणकातील फाईलींचा मजकूर चकतीवर कायम स्वरूपात साठविलेला असतो. त्यातील नुकताच वाचलेला वा लिहिलेला भाग पुन्हा लागेल या अपेक्षेने मुख्य स्मृतीत ठेवून देतात. या साठ्यास पृष्ठ-कॅश म्हणतात. इतर कामांसाठी स्मृती अपुरी पडू लागली म्हणजे या साठ्याने व्यापलेली जागा निवडून परत घेतात. या क्रियेस पुनर्ग्रहण असे म्हणतात. दोन्ही कामे परिचालन प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) गाभ्याकडे असतात. स्मृतीचा व्यवहार ठराविक आकाराच्या पृष्ठांत होतो. पृष्ठाचा आकार बहुतेक संगणकांत ४,०९६ बाइट असतो.

मुख्य स्मृतीतील मजकूर सु. १०० नॅनोसेकंदांत हाती येतो, तर फिरत्या चकतीवरील मजकुरास ५ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा फरक लाखपटीच्या घरात जातो. त्यामुळे रिकामी स्मृती ही वाया गेलेली स्मृती होय, असे मानून गाभा उरलेली जवळजवळ सर्व जागा फाईलींच्या पृष्ठांनी भरून टाकतो. अनभिज्ञ वापरकर्त्यास ‘मोकळी स्मृती’ अगदी थोडी दिसते व तो काळजीत पडतो. वस्तुतः त्यातील बरीच जागा मागताक्षणी परत मिळण्याजोगी असते. हा गैरसमज टाळण्यासाठी लिनक्स प्रणालीत २०१४ पासून ‘उपलब्ध स्मृती’चा अंदाज वेगळा दाखविला जातो. कॅश रिकामी करण्याची आज्ञाही लिनक्समध्ये आहे. ती चाचण्यांसाठी आहे. परंतु काही व्यवस्थापक ती नित्यनेमाने देतात आणि नंतर संगणक मंद झाल्याची तक्रार करतात.

पूर्वेतिहास : कोणते पृष्ठ काढावे, हा प्रश्न पृष्ठ-कॅशपेक्षा जुना आहे. मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी तयार केलेला ॲटलास संगणक १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या मुख्य स्मृतीत ५१२ शब्दांची केवळ ३२ पृष्ठे मावत. बाकीची चुंबकीय ड्रमवर असत. प्रत्येक पृष्ठ किती काळ निरुपयोगी पडून आहे व यापूर्वी किती काळ पडून होते, याची नोंद ठेवून एक आज्ञावली काढावयाचे पृष्ठ ठरवी. नवे पृष्ठ लगेच आत घेता यावे म्हणून एका पृष्ठाची जागा सदैव रिकामी राखली जाई.

लास्लो बेलाडी यांनी आयबीएममध्ये काम करीत असता १९६६ साली या प्रश्नाची मर्यादा दाखवून दिली. जे पृष्ठ यापुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढणे ही सर्वोत्तम रीत होय. पण तिला भविष्याचे ज्ञान लागते. सर्व व्यवहार्य रीती या आदर्शाची भूतकाळावरून केलेली अटकळ आहेत. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ‘कार्यसंच’ ही संकल्पना मांडली. कार्यसंच म्हणजे एखाद्या आज्ञावलीने नजीकच्या काळात प्रत्यक्ष वापरलेल्या पृष्ठांचा समूह. सर्वांचे कार्यसंच मिळून स्मृतीत मावेनासे झाले की संगणक पृष्ठे आतबाहेर करण्यातच गुंतून पडतो व खरे काम जवळजवळ थांबते.

१९७० च्या दशकातील युनिक्स प्रणालीत चकतीवरील खंडांसाठी थोड्या व ठराविक संख्येच्या जागा राखून ठेवलेल्या असत. कॅशचा आकारच निश्चित असल्याने पुनर्ग्रहणाचा प्रश्न तेथे सौम्य होता. सनओएस ४.० मध्ये (१९८८) फाईलींची पृष्ठे व आज्ञावलींची पृष्ठे एकाच स्मृतिभांडारातून देण्यात येऊ लागली. लिनक्समध्ये खंडांची व पृष्ठांची वेगळी कॅश २.४ या आवृत्तीत (२००१) एकत्र आली. कॅश सर्व स्मृतीभर पसरू शकली, तसा तिला आवरण्याचा प्रश्नही तेवढाच मोठा झाला. तो किती अवघड ठरला हे त्याच वर्षी दिसले. सप्टेंबर २००१ मध्ये, म्हणजे स्थिर समजल्या जाणाऱ्या आवृत्तीमालिकेच्या मध्यावरच, रिक व्हान रील यांची स्मृतिव्यवस्था काढून आंद्रेआ आर्कांजेली यांची बसविण्यात आली. वापरात असलेल्या प्रणालीत असा फेरबदल विरळाच होतो.

निवड : सर्वांत जास्त काळ न वापरलेले पृष्ठ काढावे, ही रीत सरळ आहे, पण प्रत्येक वापराची वेळ नोंदविणे परवडत नाही. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस मल्टिक्स प्रणालीत ‘घड्याळ’ रीत योजण्यात आली. पृष्ठ वापरले की त्याची एक खूण चढते. घड्याळाच्या काट्याप्रमाणे पृष्ठांवरून फिरणारा निर्देशक खूण दिसल्यास ती पुसून पुढे जातो व खूण नसलेले पृष्ठ काढतो.

फाईलींच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. समजा, रात्री सर्व फाईलींची राखीव प्रत काढणारी आज्ञावली चालू झाली. ती प्रत्येक पृष्ठ एकदाच वाचते व पुन्हा त्याकडे फिरकत नाही. परंतु ‘नुकतेच वापरलेले’ म्हणून ही पृष्ठे स्मृतीत राहतात आणि दिवसभर उपयोगी पडणारी बाहेर जातात. यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये सक्रिय व निष्क्रिय अशा दोन याद्या ठेवतात. नवे पृष्ठ निष्क्रिय यादीत येते व दुसऱ्यांदा वापरले गेले तरच सक्रिय यादीत चढते. मात्र निष्क्रिय यादी आखूड असेल, तर दुसऱ्या वापराची पाळी येण्यापूर्वीच पृष्ठ बाहेर पडते. २०१४ पासून काढलेल्या पृष्ठाच्या जागी एक लहानशी नोंद मागे ठेवली जाते. पृष्ठ लवकरच परत मागितले गेले, तर त्या नोंदीवरून निवड चुकल्याचे कळते व पृष्ठास थेट सक्रिय यादीत स्थान मिळते. चुकांचा हिशेब ठेवण्याची ही युक्ती साधी असली तरी फार मोलाची आहे. २०२२ अखेरच्या ६.१ या आवृत्तीत दोनऐवजी अनेक पिढ्यांत पृष्ठांची वर्गवारी करणारी पर्यायी व्यवस्थाही आली.

फाईलींच्या माहितीचीही, म्हणजे नावे, मालकी, आकार इत्यादींची, कॅश असते. तिच्यातील नोंदी लहान असल्याने एका पृष्ठात अनेक मावतात. त्यांपैकी एक जरी वापरात असली तरी संपूर्ण पृष्ठ अडकून राहते. हजारो नोंदी काढूनही एकही पृष्ठ मोकळे न होणे शक्य असते.

मलिन पृष्ठे : चकतीवरील मजकुराशी तंतोतंत जुळणारे पृष्ठ ‘स्वच्छ’ असते व ते तत्काळ टाकून देता येते. ज्यात बदल झाला पण तो चकतीवर उतरला नाही, ते पृष्ठ ‘मलिन’ होय. ते आधी लिहून काढावे लागते. लिनक्समध्ये सामान्यतः ३० सेकंदांहून जुनी मलिन पृष्ठे लिहावयास घेतात. तेवढ्यात वीज गेल्यास तो मजकूर नाहीसा होतो. म्हणून महत्त्वाच्या आज्ञावली मजकूर तत्काळ चकतीवर उतरविण्याची मागणी गाभ्याकडे करतात.

पण लिहितानाच चकती नादुरुस्त निघाली तर? असे पृष्ठ मलिनच ठेवले, तर ते कधीच परत घेता येणार नाही. काढून घेतलेल्या साठवण-उपकरणाची अशी पृष्ठे सर्व स्मृती अडवू शकतील. या भीतीने लिनक्समध्ये लेखन फसले तरी पृष्ठ स्वच्छ मानले जाई. याचा परिणाम २०१८ मध्ये पोस्टग्रेस या माहितीसंग्रह प्रणालीच्या रचनाकारांच्या लक्षात आला. पहिल्या मागणीस त्रुटी कळे, परंतु तीच मागणी पुन्हा केल्यास ‘यशस्वी’ असे उत्तर येई व मजकूर मात्र चकतीवर नसे. २०१९ पासून ही प्रणाली अशी त्रुटी येताच स्वतःस थांबविते व आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभी राहते.

पुनर्ग्रहणाची वेळ : मोकळी पृष्ठे एका मर्यादेखाली गेली की पार्श्वभूमीवर काम करणारी एक प्रक्रिया जागी होते व वरची मर्यादा गाठेपर्यंत पृष्ठे गोळा करते. तिचा वेग अपुरा पडला, तर स्मृती मागणाऱ्या आज्ञावलीलाच थांबवून तिच्याकडून हे काम करून घेतले जाते. संगणक मधूनच अडखळल्यासारखा वाटण्याचे हे एक कारण आहे.

येथे एक पेचही संभवतो. फाईल-व्यवस्थेने एखादे कुलूप धरून स्मृती मागितली. स्मृतीसाठी गाभ्याने त्याच फाईल-व्यवस्थेस मलिन पृष्ठे लिहावयास सांगितले. आणि लिहिण्यासाठी तेच कुलूप लागले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. म्हणून अशा मागणीसोबत ‘फाईल-व्यवस्थेत पुन्हा शिरू नये’ अशी सूचना दिली जाते. शिवाय पुनर्ग्रहण करणाऱ्यास स्वतःलाही थोडी स्मृती लागते. त्यासाठी सर्वांत खालच्या मर्यादेखालील साठा इतरांना न देता राखून ठेवतात. हे सर्व करूनही जागा मिळाली नाही, तर गाभा एखादी चालू आज्ञावली निवडून सक्तीने बंद करतो व तिची स्मृती ताब्यात घेतो.