वाकडं हँडल की रुंद टायर?

डहाणू-जव्हार रस्त्यावरचं आशागड सोडून पाड्यांच्या वाटेला लागलं, की मुरूम, सुटी खडी आणि पावसाने उखडलेल्या कडा भेटतात. अशा वाटांसाठी खाली वळलेल्या वाकड्या हँडलची नवी ग्रॅव्हल बाइक घ्यावी, की घरात पडून असलेली जुनी एमटीबी (माउंटन बाइक) सुधारून घ्यावी? हा प्रश्न पडला की नजर आधी हँडलकडे जाते. ती टायर, गिअर आणि फ्रेमकडे जायला हवी. या निवडीभोवतीचे गैरसमज तपासले की त्याचं कारण कळतं.

गैरसमज : ग्रॅव्हल बाइक ही सायकलींची वेगळीच जात आहे.
वस्तुस्थिती : नाव नवं असलं तरी कल्पना जुनी आहे. ग्रॅव्हलचं जागतिक अजिंक्यपद २०२२ मध्ये सुरू झालं. पण ब्रिजस्टोनने १९८७ मध्येच एमबी-१ ही एमटीबी वाकड्या हँडलसह विकली होती, आणि १९९० मध्ये ड्युरँगोला झालेल्या जागतिक एमटीबी स्पर्धेत जॉन टोमॅक वाकडं हँडल लावूनच उतरला होता. दोन्ही सायकलींमधली सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही.

गैरसमज : २६ इंची चाक मंद, पातळ आणि कडक टायर वेगवान.
वस्तुस्थिती : २६ इंची रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर असतो. त्यावर २.१ इंची टायर चढवला की चाकाची एकूण उंची साधारण ६६५ मिलिमीटर भरते. अनेक ग्रॅव्हल बाइकना ५८४ च्या रिमवर ४७ मिलिमीटरचा टायर लागतो, म्हणजे उंची ६७८. फरक दोन टक्क्यांच्या आसपास. खडीवर कडक टायर उसळतो आणि स्वाराची ताकद त्या धक्क्यांत वाया जाते; बेताच्या हवेचा रुंद टायर खडे पोटात घेत पुढे सरकतो. चढावर पुढे तीन दातेरी चक्रं असलेल्या जुन्या एमटीबीची बाजू तर उलट वरचढच ठरते. पुढे २२ आणि मागे ३२ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक पाऊण फेरीही घेत नाही. पुढे ४० आणि मागे ४२ दातांच्या ग्रॅव्हल बाइकवर ते जवळपास पूर्ण फिरतं, म्हणजे चढ तितका अधिक जड जातो.

जुनी एमटीबी जड असते हा आक्षेप खरा आहे, पण तो मोजून घ्यावा. स्वार आणि सायकल मिळून ८७ किलो असतील, तर तीन किलोंचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आत राहतो, आणि तोही मुख्यतः चढावर जाणवतो.

गैरसमज : वाकडं हँडल बसवलं की रूपांतर झालं.
वस्तुस्थिती : खर्च इथेच फुगतो. सरळ हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर असते, वाकड्याची २३.८, त्यामुळे जुने ब्रेक आणि गिअरचे खटके त्यावर चढत नाहीत. रोड बाइकचा लिव्हर केबल कमी ओढतो, एमटीबीच्या व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. अशी जोडी जमवली तर ब्रेक नीट लागत नाही. शिवाय वाकडं हँडल पुढे झुकतं, आणि एमटीबीची वरची नळी आधीच लांब असते, म्हणून पाठ ताणली जाते. सरळ हँडल ठेवून टोकांना बार-एंड लावले, तर हातांची जागा बदलता येते आणि हे सगळं टळतं.

गैरसमज : कोणतीही जुनी एमटीबी चालेल, आणि टायर कुठेही मिळेल.
वस्तुस्थिती : पुढे-मागे दिखाऊ शॉकअप लावलेल्या, बिनगिअरच्या जड सायकलीवर पैसे घालू नयेत. फ्रेमच्या जोडांवर तडा दिसला तर विषय तिथेच संपवावा. टायर घेताना नुसता ‘२६’ हा आकडा पुरत नाही: २६ × १⅜ चा टायर ५९० च्या रिमचा असतो, तो इथे बसत नाही. काही ग्रॅव्हल बाइकना असणारं ७०० सी चं चाक ६२२ चं, तर जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ चा. म्हणून नव्या ग्रॅव्हल बाइकवर तोही अडचणीत उपयोगी पडत नाही.

नव्या सायकलीचे खरे फायदे डिस्क ब्रेक आणि डांबरावरचा लांबचा पल्ला. जून ते सप्टेंबरच्या चिखलात व्ही-ब्रेक उशिरा लागतो आणि रिम झिजवतो. त्यामुळे पावसाळाभर सायकल चालवायची असेल, किंवा बहुतेक फेऱ्या डांबरी रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या असतील, तर नवी घ्यावी. पाड्यांच्या वाटा हाच मुख्य उद्देश असेल आणि फ्रेम निरोगी व मापाची असेल, तर आधी रुंद टायर, नवी चेन आणि नव्या केबल घालाव्यात. एवढ्यात काम भागतं की नाही ते महिनाभरात वाटच सांगेल, आणि त्यानंतर मोठा खर्च करायचा की नाही हे अंदाजाने नव्हे, अनुभवाने ठरेल.